नावाडिणीची टाच

माझं डोकं लवकर तापतं हे आमच्या ओसाकात सगळ्यांना ठाऊक आहे. तोक्योच्या माणसांना ते जरा उशिरा कळतं. मात्सुनामी-सानना कळलं तेव्हा ते आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात पंख्यासमोर गुडघे जुळवून बसले होते, आणि त्यांच्या मांडीवर चौसष्ट कागद होते.

“हिराओका-सान,” ते म्हणाले, “चौसष्ट जणांना आम्ही खेळ खेळायला दिला. साठ जणांनी नावाडिणीपाशी कंट्रोलर खाली ठेवला आणि परत उचलला नाही.”

“म्हणजे चौघांनी उचलला,” मी म्हटलं. “त्या चौघांना माझा नमस्कार सांगा.”

“तुम्ही थट्टा करताय.”

“थट्टा नाही हो. मनापासून सांगतेय.”

मात्सुनामी-सान म्हणजे आमचा व्हिडिओ गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीचा माणूस. पैसे त्यांचे, तारीख त्यांची, डब्यावरचं चित्रसुद्धा त्यांच्या पसंतीचं. वाईट माणूस नव्हता, उगाच कशाला बोला. घाम आला तरी कोट काढायचा नाही, एवढाच काय तो दोष. त्यांचं म्हणणं होतं की नावाडिणीचा जीव, म्हणजे तिला पाडायला किती घाव लागतात ते, निम्मा करावा, आणि खेळणारा तीनदा मेला की पडद्यावर विचारावं, ‘लढाई सोडून पुढे जायचं का?’

“पुढे जायचं का?” मी म्हटलं. “अहो, पुढे आहे काय? नावाडीण हीच तर पुढची गोष्ट आहे! तिच्यासाठीच माणूस इथवर आला. लग्नाला बोलवायचं आणि दारातच विचारायचं, नवरीला न बघता जेवायला बसता का?”

आमचा उचिबोरी कोपऱ्यात जवाचा गार चहा पीत होता, तो त्याच्या नाकात गेला. उचिबोरी म्हणजे माझ्यासोबत बारा वर्षं काम करणारा प्रोग्रामर. मी बॉस कागदावर मांडते आणि तो त्याला हातपाय हलवायला शिकवतो.

आमच्या खेळांना रस्ता थोडा असतो आणि रस्त्याच्या शेवटी एकच दांडगा शत्रू बसलेला असतो. त्यालाच बॉस म्हणतात. त्याच्या तीन-चार वारांत तुम्ही खलास. मग परत पहिल्यापासून. परत खलास. लोकांना वाटतं आम्ही दुष्ट आहोत. डोंबल दुष्ट! दुष्ट बॉस बनवायला काय लागतं? न सांगता मारलं की झालं. माझा बॉस मारण्याआधी सांगतो. खांदा हलतो, श्वास ऐकू येतो, काहीतरी होतंच. ते ज्याला दिसलं तो वेळेवर बटण दाबून वार चुकवतो आणि वाचतो, ज्याला नाही दिसलं तो मेला, आणि मेल्यावर त्याला कळलं पाहिजे की मरण आपल्याच चुकीने आलं. राग आला तर स्वतःचा यावा. तो राग आला की माणूस कंट्रोलर सोडत नाही. हे एवढंच माझं शास्त्र आहे, त्यावर मी एकतीस बॉस बनवलेत.

नावाडीण बत्तिसावी. गुडघाभर पाण्यात उभी असलेली म्हातारी, हातात तिच्या दुप्पट उंचीचं वल्हं. ती कुणावरून काढली हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. माझी फुसाए आत्या साकाई शहरात मुलींना नागिनाता शिकवायची, म्हणजे लांब दांड्याचं पातं चालवायला. माझ्या नडग्यांवर तिच्या काठीचे वळ आठ वर्षं होते. पण आत्याने मला एकदाही फसवून मारलं नाही. मारण्याआधी तिची डावी टाच जमिनीवरून उचलली जायची, प्रत्येक वेळी. मी रडले की म्हणायची, “टाच दाखवली होती की नाही? मग रडतेस कुणाच्या नावाने?” तिने मला कधी शाबासकी दिली नाही. ती गेली त्या हिवाळ्यात मी नावाडीण काढायला घेतली, आणि तिला चौदा वार दिले. प्रत्येक वाराआधी डावी टाच.

त्या आत्याचा जीव निम्मा करायला हा कोटवाला सांगत होता.

“आमच्याकडे एक रिवाज आहे,” मी मात्सुनामी-सानना म्हटलं. “शिक्क्याचा दिवस. ज्याने बॉस बनवला त्याने सगळ्यांसमोर तो स्वतः हरवायचा. दहा डाव मिळतात. अंगाला एक वार लागू द्यायचा नाही. जमलं तर बॉसच्या कागदावर आपला लाल शिक्का मारायचा, आणि मग त्या बॉसला कुणी हात लावायचा नाही. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल ते.”

“हा रिवाज कुणी घातला?”

“मी. वीस वर्षांपूर्वी. एकाने असा बॉस बनवला होता की तो त्याला स्वतःलाच हरवता येईना, आणि वर हसत होता. म्हटलं, हे चालायचं नाही.”

मात्सुनामी-साननी मला वरखाली न्याहाळलं. माझं वय त्यांना माहीत होतं, चोपन्न. मग म्हणाले, “मान्य. पण टीव्ही मी आणीन. लोकांच्या घरात असतो तसा, सपाट. दोन वर्षांनी जुनं प्रक्षेपण बंद होतंय, जुने टीव्ही सगळे भंगारात चाललेत.”

“रेडिओ आणा हवं तर,” मी म्हटलं. “मी ऐकून हरवीन.”

फाजील बोलायची सवय. ते गेले, कागद माझ्या टेबलावर ठेवून. संध्याकाळी मी ते चाळले. खेळून झाल्यावर लोकांनी मत लिहायचं असतं. बहुतेकांनी एकच रडगाणं गायलं होतं : मी वाचलो होतो, तरी लागलं. प्रत्येक मेलेला माणूस हेच म्हणतो, वीस वर्षं ऐकतेय. मी लाल पेन घेतलं आणि एकेका कागदावर लिहीत गेले : खोटं. खोटं. खोटं. एका कागदापाशी तर मी मोठ्याने हसले. काकिमोतो नावाचा सहासष्ट वर्षांचा निवृत्त बसचालक. ओसाकातल्याच उमेदा भागातल्या हॉलमध्ये येऊन खेळला होता. त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं :

‘टाच बघितली. बटण दाबलं. तरी लागलं. चौतीस वर्षं बस चालवली, एक अपघात नाही. ब्रेक कधी दाबला ते मला कळतं. म्हातारी खोटारडी आहे.’

“हे बघ,” मी उचिबोरीला दाखवलं. “बसवाले आजोबा चिडले.”

“खोटारडी म्हणाले? तुम्हाला की नावाडिणीला?” उचिबोरी म्हणाला.

मी त्या कागदावर जरा मोठं लिहिलं : खोटं.

शिक्क्याचा दिवस बुधवारी दुपारी तीनला. मागच्या चटईच्या खोलीत सगळे चपला-बूट काढून बसले, चौदा माणसं आणि मात्सुनामी-सान. समोर त्यांचा तो सपाट टीव्ही, काळा, चकचकीत. मधोमध छोट्या टेबलावर नावाडिणीचा कागद, शाईची डबी आणि माझा शिक्का. मी आदल्या दिवशी माझ्या जागेवर तीनदा खेळून तीनदा तिला एकही वार न खाता हरवलं होतं. हात चांगला चालत होता.

पहिल्या डावात चौथा वार लागला. मी म्हटलं, घाम आहे हाताला. दुसऱ्या डावात दुसराच. तिसऱ्यात पहिला.

  चौथा डाव, पाचवा. मला टाच दिसत होती, मी दाबत होते, आणि वल्हं येऊन छातीवर बसत होतं. सातव्या डावानंतर उचिबोरी हळूच जवळ सरकला.

“थोडं थांबू या का? चहा घ्या.”

“मला चहा नको.”

“नेएसान,” तो म्हणाला. असं ‘ताई’ म्हणून तो मला चिडवताना हाक मारायचा, पण आज आवाजात चिडवणं नव्हतं. “आपण सगळेच म्हातारे होतो.”

बाई गं! त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आठवा डाव गेला. नववाही गेला. मात्सुनामी-सान जमिनीकडे बघत होते, आणि त्यांना माझी लाज वाटतेय हे मला दिसलं. माझे कान तापले. म्हटलं, झालं, कुवत संपली आपली. आत्याला निम्मी करणारी मीच निघाले. 

आणि तेवढ्यात त्या बसवाल्याचं वाक्य डोक्यात आलं. ब्रेक कधी दाबला ते मला कळतं.

मलाही कळत होतं. मी वेळेवर दाबलं होतं. नऊ वेळा टाच दिसली त्या क्षणाला अंगठा खाली गेला होता. चोपन्न वर्षांचा असेना का, अंगठा माझा आहे.

“उचिबोरी,” मी म्हटलं, “माझ्या टेबलावरचा डबा घेऊन ये.”

डबा म्हणजे माझा जुना टीव्ही. जाड काचेचा, पाठीला हे एवढं पोट असलेला. तीन ऑफिसं बदलली, प्रत्येक वेळी मी तो सोबत आणला. चित्र त्यावर गोड दिसतं म्हणून. उचिबोरीने आणि आणखी एकाने तो कण्हत कण्हत आणला आणि सपाट टीव्हीशेजारी ठेवला.

“एकाच यंत्रातून दोन तारा काढ. दोघांवर एकच चित्र लाव.”

लावलं. दोन नावाडिणी शेजारी शेजारी पाण्यात उभ्या राहिल्या. मी जागची हलले नाही, नुसती बघत राहिले. डब्यातल्या नावाडिणीने टाच उचलली. आणि मग, पापणी लवावी इतक्या उशिराने, सपाटातल्या नावाडिणीने उचलली.

“परत,” कुणीतरी म्हणालं.

परत तेच. आधी डबा, मग सपाट. सेकंदाचा दहावा भाग असेल. पण चौदापैकी आठ वारांना मी सबंध वेळच सेकंदाच्या तिसऱ्या भागाइतका दिलेला होता, त्यातला सेकंदाचा दहावा भाग हा टीव्ही गिळत होता. लोकांना टाच दिसायची तेव्हा आत, यंत्रात, ती केव्हाच उचलून झालेली असायची.

उचिबोरीने कपाळाला हात लावला. त्यानेही दोन वर्षं तिला माझ्या डब्यावरच चालायला शिकवलं होतं. अख्ख्या ऑफिसात सगळे शिक्के त्या डब्यावरच उमटले होते, कारण तो गोड दिसतो. आणि बाहेर लोकांनी घरात नवे टीव्ही आणले होते, हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. खेळ बनवणारी शहाणी माणसं आम्ही!

“म्हणजे ते साठ जण...” मात्सुनामी-सान म्हणाले.

“खरं बोलत होते,” मी म्हटलं.

माझ्या तोंडून ते शब्द कसे निघाले मला ठाऊक. साठ कागदांवर मी माझ्या हाताने खोटं लिहिलं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, जिने मला जन्मात कधी फसवून मारलं नाही, त्या आत्याला मी खोटारडी करून ठेवलं होतं. मला रडू येण्यापेक्षा राग आला. राग आला की मला बरं सुचतं.

“एक डाव बाकी आहे ना?” मी म्हटलं. “डबा बंद करा. सपाटावरच खेळते.”

“अहो, पण आता तर कळलंय...” उचिबोरी म्हणाला.

“गप्प बस आणि बघ.”

दहावा डाव मी टाचेकडे न बघता खेळले. मी कुठे उभी राहिले की ती काय करणार, हे लिहिलंय कुणी? मीच. दोन पावलं डावीकडे गेलं की ती आडवा वार काढते. पाठ दाखवली की उंचावरून मारते. मी तिला जिथे हवं तिथे नेलं, मनात मोजलं, आणि टाच उचलायच्या आधीच बटण दाबत गेले. सात मिनिटं. एकही वार लागला नाही. शेवटी नावाडीण वल्ह्यावर रेलली आणि पाण्यात बसली.

खोलीत जो आरडाओरडा झाला! उचिबोरी तर चटईवर आडवाच झाला. मात्सुनामी-सान उठले, त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, आणि माझा शिक्का दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

“शब्द म्हणजे शब्द,” ते म्हणाले. “नावाडीण आहे तशी राहील. मारा शिक्का.”

मी शिक्का घेतला. आणि खिशात टाकला.

“नाही मारणार,” मी म्हटलं.

“नेएसान, डोकं फिरलं का?” उचिबोरी उठून बसला.

“फिरलेलंच आहे, आजचं नाही. हे जिंकणं नव्हतं, पाठांतर होतं. मी तिला जन्माला घातलंय, मला ती पाठ आहे. त्या बसवाल्याला कुठून पाठ असणार? त्याच्या हातात फक्त टाच आहे, आणि त्याची टाच मी चोरली.” मग मी मात्सुनामी-सानकडे वळले. “मला दहा दिवस द्या. टाच लवकर उचलीन. घरातल्या टीव्हीवरसुद्धा वेळेत दिसेल इतकी लवकर. बाकी तिचा केससुद्धा कमी करणार नाही. जीव तेवढाच, वार तितकेच, तितकेच जोरात.”

“तुम्ही बदल केलात तर आजची परीक्षा रद्द धरावी लागेल,” ते म्हणाले. “मग माझी अट परत उभी राहते. जीव निम्मा, आणि लढाई सोडायची सोय.”

“राहू दे उभी. परीक्षा दुसरी घ्या. एक माणूस बसवा, बारा ते पाच. त्याने हरवलंच पाहिजे असं नाही. पण तो कंट्रोलर ठेवून उठला तर तुम्ही म्हणाल ते करा, मी ब्र काढणार नाही. नाही उठला तर नावाडीण राहील.”

“माणूस कोण?”

मी टेबलावरून कागद आणला आणि त्यांच्या हातात दिला. ते वाचायला लागले आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. “तुम्ही जिंकलेला डाव या आजोबांच्या हाती देताय?”

“हो. वर त्यांची माफीही मागणार आहे.”

दहा दिवस आम्ही चौदा वारांच्या चौदा टाचा पुन्हा केल्या. टाच नुसती लवकर उचलून चालत नाही, मग म्हातारी एका पायावर खोळंबल्यासारखी दिसते. कंबर वळवावी लागली, श्वास लांबवावा लागला. माझा डबा मी जिन्याखाली ठेवून दिला आणि त्यावर कापड टाकलं. आठव्या दिवशी उचिबोरी कंटाळून म्हणाला, “सोबत जीव थोडासा कमी करू या का? अगदी थोडा. मात्सुनामी-सानना हवा तसा निम्मा नाही. कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल.”

“तुमच्यापुढे कोण बोलणार!”

“तूच बोलतोस की रोज बारा वर्षं.”

काकिमोतो-सान शनिवारी पावणेबाराला आले. ठेंगणे, ताठ, कानात ऐकायचं यंत्र, हातात कापडात बांधलेला जेवणाचा डबा. मी जिन्यातच वाकून नमस्कार केला आणि त्यांचा कागद पुढे धरला, माझ्या लाल अक्षरांसकट.

“हे मी लिहिलं होतं,” मी म्हटलं. “खोटी मी होते. तुम्ही वेळेवर दाबलं होतंत.”

त्यांनी कागद हात लांब करून वाचला. “ते मला माहीतच होतं,” ते म्हणाले. “म्हणून तर लिहिलं. आता बरी झाली का ती?”

“तितकीच वाईट आहे. पण आता खरं बोलते.”

“बघू या,” म्हणाले, आणि बूट काढून आत गेले.

ते डेपोशेजारच्या गेम सेंटरात जेवणाच्या सुटीत खेळून तयार झालेले होते. खेळताना गप्प बसत नसत. बसवाल्यांची सवय, जे दिसेल त्याच्याकडे बोट करून मोठ्याने म्हणायचं. “टाच!” म्हणून डाव्या हाताचं बोट पडद्याकडे जायचं, आणि मग परत कंट्रोलरवर. त्यातच निम्मे वार लागायचे. एक वाजेपर्यंत अकरा वेळा मेले. मग डबा उघडून बायकोने दिलेले भाताचे गोळे खाल्ले, एक उचिबोरीला दिला, आणि परत बसले.

तेरा. सतरा. एकवीस. मी त्यांच्यामागे उभी होते. प्रत्येक मरणानंतर मी त्यांच्या मानेकडे बघायची. मान खाली जाते का? खांदे पडतात का? साडेतीनला, अठ्ठाविसाव्या डावात, नावाडिणीचा जीव बोटभर उरला.  टाच उचलली. काकिमोतो-सान वाचले. नावाडीण वाकली, आणि त्यांनी एक वार मारला, दोन मारले, आणि तिसरा मारायला गेले. वल्हं फिरलं.

पडदा काळा झाला.

 काकिमोतो-साननी कंट्रोलर चटईवर ठेवला. अगदी हळू, नीट, तारेची घडी करून. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

मात्सुनामी-साननी माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, त्या माणसाच्या डोळ्यांत आनंद नव्हता. पण त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं, आणि नावाडिणीचा कागद आपल्याकडे ओढला.  ब्र काढणार नाही म्हटलं होतं मी. आत्या, मी मनात म्हटलं, या वेळी टाच दाखवली होती. आता व्हायचं ते होवो.

काकिमोतो-सान दारापर्यंत गेले, तिथे खुंटीला त्यांचं जाकीट होतं. त्यांनी ते उतरवलं नाही. त्याच्या खिशात हात घातला आणि पांढरे मोजे काढले. हाताचे, ड्रायव्हर घालतात ते. एकेक बोट नीट ओढून त्यांनी ते घातले, मनगटावर बटण लावलं, आणि परत येऊन पडद्यासमोर बसले.

“आत्ताची चूक माझी होती,” ते म्हणाले, कुणाला असं नाही. “एक जास्तीचा मारायला गेलो. हाव. तिने तर सांगितलं होतं.” आणि कंट्रोलर उचलला. “परत.”

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी ते पुसलंही नाही. चुलीत गेली लाज. वीस वर्षं मी हेच एक वाक्य ऐकायला बॉस बनवत होते.

मात्सुनामी-साननी पेनला टोपण लावलं. मग पहिल्यांदाच, त्या उकाड्यात, त्यांनी कोट काढला आणि काकिमोतो-सानच्या मागे मांडी घालून बसले. “डावीकडे जाऊन बघा ना,” ते पाच मिनिटांनी म्हणाले.

“मध्ये बोलू नका,” काकिमोतो-सान म्हणाले.

पाच वाजले. नावाडीण हरली नव्हती. एकेचाळीस डाव झाले होते. मात्सुनामी-साननी शाईची डबी माझ्याकडे सरकवली. मी खिशातून शिक्का काढला, शाईत दाबला, आणि कागदावर ठेवताना माझी नजर पडद्यावरच राहिली, त्यामुळे शिक्का वाकडा उमटला. बत्तीस शिक्क्यांत हा एकच वाकडा आहे.

“काकिमोतो-सान,” मी जवळ जाऊन म्हटलं, “पाच वाजले. संपलं. तुम्ही मला जिंकून दिलंत.”

“हं,” ते म्हणाले. पांढऱ्या मोज्यातलं बोट हवेत गेलं आणि मला बाजूला हो म्हणालं. “बाई, जरा सरका तिथून. टाच दिसत नाहीये.”